दवाखान्यात जिमखाना कशाला? (डम्फ्रीसचा ईस्टरब्रुक हॉल)

चिंचगुळी
मागच्या शनिवारी ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या लग्नाला डम्फ्रीसला गेले होते. ग्लासगोहून गाडीने दीडेक तास. लग्न ज्या हॉलमध्ये होतं त्याचं नाव ईस्टरब्रुक हॉल. लाल दगडाची लांबरुंद देखणी इमारत, भोवती हिरवळ, जुनी झाडं. मला वाटलं कुणा उमरावाचा वाडा असेल. जेवताना शेजारच्या आजींनी शांतपणे सांगितलं की हे सगळं पूर्वी मनोरुग्णालय होतं. क्रिचटन रॉयल हॉस्पिटल. आणि हा हॉल बांधला तो पेशंटसाठी. नाचायला, नाटक बघायला! शिवाय याच इमारतीत पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळाही होती म्हणे.

माझा घासच थांबला. वेड्यांचं इस्पितळ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर उंच भिंत आणि गज. इथे तर जिमखाना निघाला. कुणाला माहीत आहे का, एवढा खर्च कशासाठी केला असेल? तो खरंच उपचार होता की बाहेरच्यांना दाखवायला?

टवाळ मंगू
लग्न लावायला मनोरुग्णालय निवडलंय म्हणजे दोघंही दूरदृष्टीचे आहेत. नवदांपत्यास शुभेच्छा.

खडूमास्तर
मंगू, पहिलाच प्रतिसाद आणि लगेच! असो.

चिंचगुळी, आधी उच्चार. 'क्रिचटन' नाही, 'क्रायटन'. आणि डम्फ्रीस तुम्ही बरोबर लिहिलंत, आमचे निम्मे नातेवाईक 'डम्फ्राइज' म्हणतात, बटाट्याचे असल्यासारखे.

आता इतिहास. डॉ. जेम्स क्रायटन हा त्याच भागातला माणूस. ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आला, जोडीला व्यापार केला आणि गडगंज होऊन परत गेला. १८२३ मध्ये वारला. मूलबाळ नव्हतं. धर्मादाय कामासाठी एक लाख पौंडांहून जास्त रक्कम मागे ठेवली आणि ती कशी वापरायची हे बायकोवर आणि विश्वस्तांवर सोपवलं. बायको एलिझाबेथ. या बाईंना डम्फ्रीसमध्ये विद्यापीठ काढायचं होतं. स्कॉटलंडमधल्या आधीच्या विद्यापीठांनी विरोध केला, परवानगी मिळाली नाही. मग त्याच पैशांतून १८३९ मध्ये मनोरुग्णालय उघडलं. आता त्याच आवारात ग्लासगो विद्यापीठाची शाखा आहे. बाई १८६२ मध्येच गेल्या, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

पहिले अधीक्षक डॉ. विल्यम ब्राऊन. साखळदंड नकोत, रुग्णांना काम द्या, करमणूक द्या, शिकवा, असं म्हणणारे. १८४३ मध्ये त्यांनी रुग्णांकडून एक प्रहसन बसवून घेतलं. मनोरुग्णालयात रुग्णांनीच उभं केलेलं हे सुरुवातीचं नाटक मानतात. पुढच्या वर्षी रुग्णांचं मासिक निघालं, 'द न्यू मून'. छापखानाही तिथलाच. थोडक्यात, हॉल १९३८ चा असला तरी त्यातलं नाटक त्याच्याहून ९५ वर्षांनी मोठं आहे.

पावसाळी भजी
मासिकाचं नाव 'नवा चंद्र'! वेड आणि चंद्र यांची तिकडे जुनी सांगड आहे ना, म्हणजे स्वतःवरच विनोद केलाय. आवडलं. मास्तर, धन्यवाद.

दगडधोंडे
धागा उशिरा पाहिला. मी वास्तुविशारद, सहा वर्षं एडिंबरामध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं केली. त्यामुळे थोडं लांबेल.

क्रायटनची मूळ इमारत विल्यम बर्नची. तो त्या काळचा स्कॉटलंडमधला मोठा आर्किटेक्ट. नकाशा क्रुसासारखा, मध्ये अष्टकोनी गाभा आणि त्यातून फुटणारे हात. मधोमध उभं राहिलं की चारी बाजूंवर नजर. पैसे पुरले नाहीत म्हणून निम्मीच झाली, उरलेलं काम तीसेक वर्षांनी दुसऱ्याने पुरं केलं. अशा इमारतीत करमणुकीची खोली वेगळी काढायची गरज नसते. सगळे एकाच छपराखाली असतात, एखादं मोठं दालन मोकळं केलं की झालं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विचार बदलला. जर्मनीत लाइपझिगजवळ आल्ट-शेर्बिट्झ नावाची संस्था होती. तिथे एक प्रचंड इमारत न बांधता बंगल्या-बंगल्यांचं गाव वसवलं होतं. स्कॉटिश मंडळी ते बघून आली. त्यातून १९०४ मध्ये अॅबर्डीनजवळ किंगसीट आणि १९०६ मध्ये एडिंबराच्या पश्चिमेला बँगोर ही मनोरुग्णालयं उभी राहिली. क्रायटनही हळूहळू तसंच पसरलं, मोठ्या जमिनीवर वेगवेगळी घरं, शेती, चर्च.

हॉलचं कारण इथे आहे. इमारत फुटली तशी माणसंही फुटली. पंचवीस-तीस जण या बंगल्यात, तेवढेच त्या. सगळे एकमेकांना दिसतील अशी जागाच राहिली नाही. गावाला देऊळ किंवा पार लागतो तसा या गावांना हॉल लागला. जितकी वसाहत विखुरलेली, तितका हॉल मोठा.

आता बांधणीबद्दल. असा हॉल नाट्यगृह नसतो, हे लक्षात ठेवा. नाट्यगृहाची जमीन उतरती असते, खुर्च्या ठोकलेल्या असतात. इथे जमीन सपाट आणि खुर्च्या सुट्या. एका टोकाला रंगमंच. शुक्रवारी सिनेमा, शनिवारी नाच, मधल्या वारी बॅडमिंटन, नाताळात नाटक. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट, मंगल कार्यालय. सकाळी मुंज, दुपारी पंगत, संध्याकाळी व्याख्यानमाला. नाचायच्या हॉलमध्ये फरशीही वेगळी असते. वर लाकडी फळ्या, खाली पट्ट्यांची जाळी आणि मध्ये पोकळी, म्हणजे पाय पडला की जमीन किंचित दबते आणि परत उचलते. त्याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. दगडी लादीवर तासभर नाचलं तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात.

चिंचगुळी, तुम्ही नाचलात का? पायाखाली कसं वाटलं?

चिंचगुळी
@दगडधोंडे, नाचले तर! त्यांचा तो गावनाच असतो ना, केली म्हणतात. एकजण माइकवरून पुढची पावलं सांगत असतो आणि आपण तिसऱ्याच माणसाच्या हातात सापडतो. पण मी पैठणी नेसून होते. सगळं लक्ष निऱ्यांकडे. जमीन दबली की मी दबले, सांगता येणार नाही.

टवाळ मंगू
पैठणी स्प्रंग असते का?

रोखठोक
सगळं फार गोड गोड चाललंय. जरा पाणी ओततो.

क्रायटन ही मुळात पैसेवाल्यांची संस्था. फी भरणारे रुग्ण होते, चांगल्या घरातले. गरिबांसाठी १८४९ मध्ये त्याच आवारात वेगळी इमारत बांधली, सदर्न काउंटीज असायलम. म्हणजे आजारपणातही फर्स्ट क्लास आणि थर्ड क्लास. दुसरं, रुग्णांना 'काम' दिलं म्हणता. शेतात, धुलाईघरात, शिवणकामात. त्या कामावर संस्था चालायची. आठवडाभर राबवून घ्यायचं आणि शनिवारी नाचायला हॉल द्यायचा, याला दया म्हणायचं की मजुरी चुकवणं?

तिसरं, त्या नाचाला बाहेरचे पाहुणे बोलवायचे. देणगीदार, गावातली प्रतिष्ठित मंडळी. 'बघा आमची वेडी माणसं किती छान नाचतात.' चिंचगुळी, तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग माझ्या मते बरोबर आहे. देखावा.

खडूमास्तर
रोखठोक, सदर्न काउंटीजचा मुद्दा बरोबर आहे, तो मी गाळायला नको होता. पण हॉलला तो तसाच्या तसा लावता येत नाही. १९३४ ते ३८ या काळात आर्किटेक्ट जेम्स फ्लेटने हा हॉल बांधला, तोवर दोन्ही संस्था कधीच एक झाल्या होत्या. डॉ. चार्ल्स ईस्टरब्रुक १९०८ पासून १९३७ पर्यंत अधीक्षक होते, त्यांच्या नावाने हा हॉल. रुग्णालयाची शंभरी जवळ आली होती, म्हणून थाट जास्त, हे मान्य.

हळद कुंकू
काही असो, पैसा हिंदुस्थानातून गेलेला ना? म्हणजे तो हॉल आपलाच! पुढच्या वेळी भाडं देऊ नका म्हणावं मैत्रिणीला.

रोखठोक
@हळद कुंकू, हे मात्र पटलं :)

खडूमास्तर
क्रायटनची रक्कम १८३०च्या दशकातल्या बांधकामात गेली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत फी, शेती, देणग्या असं बरंच काही मिसळलं. हॉलच्या नेमक्या कुठल्या दगडावर आपण हक्क सांगायचा, ते ठरवा.

हळद कुंकू
पायाच्या.

जुना डॉक्टर
नमस्कार मंडळी. सहसा फक्त वाचतो, पण रोखठोक यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी १९७३ मध्ये मिरजेहून स्कॉटलंडला गेलो आणि मनोविकाराच्या शाखेत उमेदवारी केली. क्रायटनमध्ये नव्हे, मध्य स्कॉटलंडमधल्या दुसऱ्या एका मोठ्या मनोरुग्णालयात. नाव नको. तिथेही असाच रिक्रिएशन हॉल होता, फक्त इतका श्रीमंत नाही.

पहिल्याच गुरुवारी मला सांगितलं, 'डॉक्टर, आज डान्स आहे, या.' गेलो. आत शंभरेक माणसं, पुरुष कोट-टायमध्ये. स्त्रिया एका भिंतीला, पुरुष समोरच्या. चहाची मोठी पितळी टाकी. एका कोपऱ्यात चुरगळलेल्या कोटातला एक गृहस्थ स्वतःशी पुटपुटत बसला होता. मी नवा, उत्साही. त्याच्या शेजारी बसलो आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, 'आज कसं वाटतंय?' त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'थकलोय. उद्या सकाळी नऊला माझ्या ऑफिसात ये.' ते आमचे मुख्य कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यांत वरचे डॉक्टर. पुटपुटत होते कारण नाताळच्या नाटकात त्यांची भूमिका होती आणि वाक्यं पाठ होत नव्हती.

वॉर्डात अशी चूक कधीच झाली नसती. तिथे किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला, तो आपला. खिडकी चार-पाच इंचांपलीकडे उघडत नाही. हॉलमध्ये मात्र सगळ्यांच्या खुर्च्या सारख्याच.

रोखठोक, तुमचं राबवून घेण्याबद्दलचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. धुलाईघरात तीस-तीस वर्षं काम केलेल्या बायका मी पाहिल्या. बाहेर जायला त्यांना कुणी नव्हतं. आणि नाचाला पाहुणे येत, हेही खरं. पण एक माणूस सांगतो. पडद्याची दोरी त्याच्या ताब्यात. वयाने साठीचा, बोलणं जवळजवळ बंद. तालीम असो नसो, रोज दुपारी दोनला हॉलमध्ये येऊन तो दोऱ्या तपासायचा, चाकांना तेल घालायचा. एकदा इलेक्ट्रिशियनने त्याला न विचारता पडदा ओढला, तर त्याने मला वॉर्डातून हाताला धरून तिथवर नेलं आणि बोटाने दोरीला पडलेला पीळ दाखवला. फाइलमध्ये त्याच्याबद्दल 'कुठल्याही गोष्टीत रस नाही' असं लिहिलेलं होतं. मी ते खोडलं.

पावसाळी भजी
डॉक्टरकाका, अजून लिहा. प्लीज वेगळा धागा काढा.

चिंचगुळी
काका _/\_

सतारवाला
करमणुकीवरून आठवलं. एल्गर हा मोठा इंग्रज संगीतकार तरुणपणी मनोरुग्णालयाच्या बँडचा प्रमुख होता. १८७९ ते ८४. कर्मचाऱ्यांचा बँड, रुग्णांच्या नाचासाठी त्याने पोल्का आणि क्वाड्रिल लिहिल्या. नर्स आणि अटेंडंट भरती करताना वाद्य येतं का हे बघायचे!

खडूमास्तर
एल्गर वूस्टरजवळ पॉविकला होता. ते इंग्लंड. धागा स्कॉटलंडचा आहे.

सतारवाला
मास्तर, सूर सीमा ओळखत नाहीत.

खडूमास्तर
धागे ओळखतात.

आडवाट
बँगोरचा उल्लेख झालाय म्हणून. मी लिव्हिंगस्टनला राहतो, तिथे बरीच वर्षं फिरायला जायचो. इपोलिट ब्लांक नावाच्या आर्किटेक्टचं काम, नाव फ्रेंच पण माणूस एडिंबराचा. दगडी बंगले, मधून रस्ते, चर्च. चर्च नंतरचं, दोन महायुद्धांच्या मधलं. रिक्रिएशन हॉल स्वतंत्र इमारत. रुग्णालयाची स्वतःची रेल्वेही होती, १९०५ पासून १९२१ पर्यंत, मुख्य मार्गावरून फुटलेला छोटा फाटा. पहिल्या महायुद्धात सगळं गाव लष्कराने घेतलं आणि एडिंबरा वॉर हॉस्पिटल केलं.

शेवटचा वॉर्ड २००४ मध्ये बंद झाला. मी जायचो तेव्हा खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दारात झुडपं. गंमत अशी की बंगले बघून वाटायचं, इथे कुणी राहायला येईल. चर्च बघूनही कुणी काही तरी करेल असं वाटायचं. हॉल बघून मात्र कळायचं नाही की याचं आता काय करायचं. एवढं मोठं मोकळं पोट आणि जवळपास गर्दी नाही. घरं पाडायची नाहीत, कारण इमारती संरक्षित यादीत वरच्या श्रेणीत आहेत. आता तिथे नवी घरं होताहेत.

दगडधोंडे
@आडवाट, अगदी दुखरी जागा. संरक्षित इमारतींत सगळ्यात अवघड असतात हे हॉल. वॉर्डाचे फ्लॅट होतात. खिडक्या ओळीने असतात, भिंती घातल्या की झालं. हॉलमध्ये मधला मजला घातला की उंची गेली, छत गेलं, रंगमंच गेला. मग उरतं काय? म्हणून हॉल हॉलच राहायला हवा, आणि त्यासाठी माणसं यायला हवीत.

एडिंबरामध्येच क्रेगहाउस आहे, हेही पूर्वीचं मनोरुग्णालय. टेकडीवर, १८९४ चं, सिडनी मिचेलचं. क्रायटनचं चर्चही याच मिचेलचं. तिथले प्रमुख डॉ. क्लाउस्टन यांचा आग्रह होता की श्रीमंत रुग्णाला घरातून उचलून तुरुंगात टाकल्यासारखं वाटता कामा नये. म्हणून तिथला ग्रेट हॉल दोन मजले उंच, लाकडी फळ्यांनी मढवलेला, एखाद्या किल्लेदाराच्या दिवाणखान्यासारखा. पुढे तिथे काही वर्षं नेपियर विद्यापीठ होतं, आता महागडी घरं. रोखठोक यांना आवडणार नाही.

रोखठोक
आवडलं नाहीच. पण डॉक्टरकाकांचा प्रतिसाद वाचून 'देखावा' हा शब्द मी अर्धा मागे घेतो. अर्धाच.

वेलदोडा
मला चिंचगुळीच्या 'उंच भिंत आणि गज' यावर लिहायचंय. माझी आत्या आठ महिने मनोरुग्णालयात होती, महाराष्ट्रातल्या. १९८६. घरात 'ती नाशिकला मावशीकडे आहे' असं सांगितलेलं. मी बाबांबरोबर एकदा गेले होते, आठ वर्षांची असेन. भिंत होतीच. पण आत एक लांब पत्र्याची शेड होती आणि तिथे बायका बसून भजन म्हणत होत्या, एकीकडे पेटी. आत्या टाळ वाजवत होती. घरी ती कधी भजनाला गेलेली मला आठवत नाही. बाबा बाहेर थांबले, संपेपर्यंत आत गेले नाहीत. परत येताना एवढंच म्हणाले, 'ताल चुकत नव्हता.'

शेडला स्प्रंग फ्लोअर नव्हता :) पण काकांनी दोरीवाल्याचं लिहिलं तेव्हा ती शेड आठवली.

हळद कुंकू
वेलदोडा, मिठी.

टवाळ मंगू
आज मी काही बोलत नाही.

आमटीभात
वाचतोय. एक शंका राहिली. हॉल समजला. पण त्याच इमारतीत पोहण्याचा तलाव कशाला? मूळ प्रश्न तोच होता ना, जिमखाना?

जुना डॉक्टर
आमटीभात, बरोबर पकडलंत.

काळ बघा. १९३० चं दशक. मनावर चालणारं खरं औषध हातात नाही, ते १९५० नंतर आलं. डॉक्टरांकडे काय होतं? गुंगी आणणारी औषधं, काही धोकादायक प्रयोग आणि शरीर. शरीराकडून मनाकडे जाता येतं, असा विश्वास होता. कोमट पाण्यात तासन्‌तास बसवून ठेवणं हा चिडलेल्या रुग्णावरचा मान्य उपचार होता. व्यायाम, मालीश, प्रकाशाचे दिवे, पाणी. त्यामुळे तलाव, व्यायामशाळा आणि आंघोळीचे विभाग हे त्यांच्या लेखी दवाखानाच होते. आणि नाचही. करमणूक वेगळी आणि उपचार वेगळा, असा पडदा त्यांनी मध्ये घातला नाही. एकाच छपराखाली ठेवण्याचं कारण ते असावं, शिवाय एकच बॉयलर पुरतो.

हॉल उघडल्यानंतर वर्षभरात, १९३९ मध्ये, विली मायर-ग्रोस नावाचे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू मनोविकारतज्ज्ञ क्रायटनला आले आणि तिथे मोठं संशोधन केलं. आमच्या पिढीने त्यांचा ग्रंथ घोकूनच परीक्षा दिली.

दगडधोंडे
बॉयलरचा मुद्दा काकांनी सहज लिहिलाय, पण तो शंभर टक्के आर्किटेक्टचा आहे. स्कॉटलंडमध्ये तलावाचं पाणी तापवायचं, हॉल तापवायचा, आंघोळीला गरम पाणी. वेगवेगळ्या तीन इमारती बांधल्या असत्या तर कोळसा ईस्टरब्रुकसाहेबांनी स्वतः वाहिला असता.

चिंचगुळी
सगळ्यांना धन्यवाद. मी दोन ओळींच्या उत्तराची अपेक्षा केली होती.

काल नवऱ्या मुलीला, म्हणजे मैत्रिणीला, हे सगळं सांगितलं. तिला तिथे मनोरुग्णालय होतं हे माहीत होतं. म्हणाली, 'माझी पणजी होती तिथे.' किती वर्षं, कशासाठी, ते विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. हॉल तिनेच निवडला होता.

@दगडधोंडे, लग्नाचा व्हिडिओ आलाय. माझे पाय दिसताहेत एका ठिकाणी. जमीन दबते की नाही ते कळत नाही, पण पैठणीचा काठ चप्पलेखाली अडकलेला स्पष्ट दिसतोय. पुढच्या महिन्यात त्या बाजूला परत जाणार आहे, सपाट बूट घालून. उडी मारून कळवते.

टवाळ मंगू
उडी मारायच्या आधी बघून घ्या, जवळपास पुटपुटणारे कन्सल्टंट असतील.